स्कूबाची टाकी तपासायची कशी: ठशापासून गळ्याच्या आट्यांपर्यंत

मालवणच्या किनाऱ्यावर मेअखेरीस होड्या वर ओढल्या जातात, ताडपत्र्या बांधल्या जातात आणि स्कूबाचा हंगाम संपतो. पुढचे काही महिने समुद्रात उतरायचं नाव नाही. टाक्यांच्या कामाला मात्र हेच दिवस खरे. हंगामभर रोज भरलेल्या, रोज रिकाम्या झालेल्या, होडीच्या फळ्यांवर आपटलेल्या आणि खाऱ्या पाण्यात न्हालेल्या टाक्या ओळीने मांडून एकेक उघडायला आता सवड असते. ऑक्टोबरात पहिली गिऱ्हाइकं दारात उभी राहिली, की हे काम होत नाही. तेव्हा टाकीच्या खांद्यावर ठोकलेला चाचणीचा ठसा बघून ‘तारीख आहे, चालेल’ एवढंच म्हटलं जातं.

त्या ठशाबद्दलच मला सांगायचं आहे. दर ५ वर्षांनी होणारी पाण्याच्या दाबाची चाचणी, म्हणजे हायड्रो टेस्ट, टाकीचा धातू दाब पेलतो की नाही ते सांगते, तेही त्या दिवसापुरतं. गळ्याच्या आट्यांत बारीक चीर पडायला लागली आहे का, आत पेलाभर खारं पाणी आहे का, कॉम्प्रेसरचं तेल आत उतरलंय का, हे ठशावरून कळत नाही. ते कळायला टाकी उघडावी लागते, आणि ५ वर्षं थांबून चालत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक टाकी आतून बघितलीच पाहिजे.

खाली सांगितलेल्या पायऱ्यांपैकी बाहेरची पाहणी, ठसे वाचणं, भरण्याआधीची तपासणी आणि नोंद ठेवणं कुणीही टाकीवाल्याने स्वतः करावं. व्हॉल्व्ह काढून आतली पाहणी करायची तर आधी प्रशिक्षण घ्या आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली चार हंगाम काढा. हायड्रो टेस्ट मात्र मान्यताप्राप्त चाचणी केंद्रातच करायची. घरच्या पंपावर टाकी ताणून बघण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका.

आत काय कोंडलेलं असतं

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती ‘एस ८०’ नावाची ॲल्युमिनियमची टाकी. आतली जागा ११.१ लिटर, कामाचा दाब २०७ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), म्हणजे ३००० पीएसआय, आणि रिकाम्या टाकीचं वजन १४ किलोच्या आसपास. पूर्ण भरली की तिच्यात अडीच किलोहून जास्त वजनाची हवा मावते. ही हवा एका क्षणात मोकळी झाली तर किती ऊर्जा बाहेर पडेल, याचा हिशेब केला तर साधारण ४५० किलोज्यूल येतात. ८०० किलोची छोटी मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात एवढीच ऊर्जा असते. त्या वेगातली मोटार आपण होडीत पायाशी आडवी ठेवतो आणि तिच्यावर बसून डबा खातो.

व्हॉल्व्हचंही गणित करून बघा. गळ्याचं तोंड २५ मिलिमीटरचं धरलं, तर २०७ बार दाबाला व्हॉल्व्हला आतून सुमारे एक टनाचा रेटा बसत असतो. हा रेटा फक्त आट्यांनी धरलेला असतो. म्हणून आटे तपासताना घाई करायची नाही.

पहिली पायरी: ठसे वाचा

टाकी पुसून खांदा उजेडात धरा. रंगाचे थर चढले असतील तर अक्षरं दिसेपर्यंत रंग हलक्या हाताने काढा, पण धातू खरवडू नका. अमेरिकेत बनलेल्या टाकीवर ‘डीओटी-३एएल ३०००’ असं काहीतरी असतं. डीओटी म्हणजे तिथलं परिवहन खातं, ३एएल म्हणजे सांधा नसलेली ॲल्युमिनियमची टाकी, ३००० म्हणजे पीएसआयमधला कामाचा दाब. ३एए असेल तर टाकी पोलादाची. त्यानंतर अनुक्रमांक, बनवणाऱ्याची खूण आणि पहिल्या चाचणीचा महिना व वर्ष. युरोपीय टाकीवर दाब बारमध्ये असतो. कामाचा २३२ असेल तर चाचणीचा ३४८, म्हणजे दीडपट. अमेरिकी ३एएल टाकीची चाचणी कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश दाबाला, म्हणजे ३००० च्या टाकीची ५००० पीएसआयला होते. दोन्ही पद्धतींच्या टाक्या एका रांगेत उभ्या असतील तर ही गल्लत होऊ देऊ नका.

ठशांतून चार गोष्टी काढायच्या आणि वहीत लिहायच्या: कामाचा दाब, शेवटची चाचणी, मूळ वजन आणि गळ्याच्या आट्यांचं माप. अनुक्रमांक खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वाचता न येणारा असेल, तर ती टाकी बाजूला ठेवा. तिची ओळखच पटत नाही, मग बाकीची तपासणी कशाच्या आधारावर करणार?

पहिल्या चाचणीची तारीख १९८८ च्या आधीची असलेली अमेरिकी ॲल्युमिनियम टाकी हातात आली, तर जास्त सावध व्हा. त्या काळापर्यंत बऱ्याच टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या होत होत्या. सतत दाबाखाली राहिल्याने या धातूत गळ्यापाशी हळूहळू चिरा वाढतात, आणि जगात अशा काही टाक्या भरताना फुटल्या, माणसं जखमी झाली आणि दगावलीही. नंतरच्या टाक्या ६०६१ या मिश्रधातूच्या झाल्या आणि तो दोष मागे पडला. अमेरिकेत ६३५१ च्या टाक्यांना दर चाचणीच्या वेळी आट्यांची एडी करंट तपासणी सक्तीची आहे. तिथे विजेच्या प्रवाहावर चालणारं एक शोधक उपकरण आट्यांतून फिरवतात आणि डोळ्यांना न दिसणारी चीरही पकडतात. माझं मत विचाराल तर अशी टाकी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. इतक्या जुन्या टाकीत वाचलेले चार पैसे तिच्या तपासणीतच जातात.

दुसरी पायरी: बाहेरून पाहणी

बुडाचा रबरी बूट, जाळी, पट्टे, स्टिकर, सगळं उतरवा. बूट काढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आणि सर्वांत वाईट गंज नेमका त्याच्याखाली असतो, कारण खारं पाणी आणि वाळू तिथे अडकून बसते. पोलादी टाकीच्या बुडाला बुटाच्या कडेने गोल कडं पडल्यासारखा गंज दिसतो. ॲल्युमिनियमच्या टाकीवर रंगाखाली फुगे येतात आणि फुगा फोडला की पांढरी पूड निघते. स्टीलचा पट्टा आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी राहिलं तर तिथे धातू झपाट्याने खाल्ला जातो.

आता टाकी आडवी फिरवत तळहाताने चाचपा. हाताला जे कळतं ते कधी कधी डोळ्याला दिसत नाही. नंतर लांब सरळ पट्टी टाकीच्या अंगाला लावून उजेडाकडे बघा. पट्टीखालून मध्येच उजेड दिसला तर पोचा किंवा खड्डा आहे, आणि पट्टी मध्यावर टेकून टोकांना डुलली तर टाकी फुगलेली आहे. फुगलेल्या टाकीचा विषय तिथेच संपला, तिच्यात पुन्हा हवा भरायची नाही. पोच्याचा, ओरखड्याचा आणि खड्ड्याचा खोलीमापकाने आकडा घ्या आणि टाकी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. टोकदार तळ असलेला ओरखडा हा उथळ पोच्यापेक्षा वाईट, कारण ताण त्या टोकावर एकवटतो.

उष्णतेच्या खुणा वेगळ्या शोधा. करपलेला किंवा फोड आलेला रंग, वितळलेली व्हॉल्व्हची मूठ, वेल्डिंगची ठिणगी लागल्याचा ठिपका. ॲल्युमिनियमचं बळ कारखान्यात ठरावीक तापमानाला दिलेलं असतं, आणि टाकी सुमारे १७७ अंश सेल्सियसच्या वर तापली तर ते बळ जातं. दिसायला टाकी जशीच्या तशी राहते. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या टाकीला भट्टीत भाजायचा पावडर कोटिंगचा रंग देऊ नये. सायकलच्या किंवा ग्रिलच्या कारखान्यात स्वस्तात रंगवून आणलेली, नव्यासारखी चकचकीत टाकी दिसली, की पहिला प्रश्न हाच विचारायचा: रंग कसा दिला?

पोलादी टाकी रिकामी असताना टांगून लाकडी मोगरीने हलकेच ठोकून बघा. चांगली टाकी घंटेसारखी घुमते, नाद लांबतो. आवाज बसका आला तर आत गंज, पाणी किंवा चीर असू शकते.

तिसरी पायरी: हवा सोडणं आणि व्हॉल्व्ह काढणं

हवा हळू सोडायची. भसकन सोडली तर टाकी थंडगार पडते, बाहेर दव धरतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत व्हॉल्व्ह काढताच आतही बाष्प शिरून ओल धरते. अर्धा तास लागला तरी लागू द्या. टाकी पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की मगच पुढे जा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. व्हॉल्व्ह उघडा आहे आणि हवा येत नाही, म्हणजे टाकी रिकामी आहे असं धरून चालू नका. व्हॉल्व्हच्या बुडाशी एक बारीक नळी असते. तिच्यात गंजाचा किंवा पांढऱ्या पुडीचा बोळा अडकला तर पूर्ण दाब आत असूनही बाहेर काही येत नाही. मूठ फिरते, पण आतला दांडा तुटलेला असतो, असंही होतं. त्यामुळे टाकी वजनावर घाला. खांद्यावर ठोकलेलं मूळ वजन व्हॉल्व्हसह की व्हॉल्व्हशिवाय, ते आधी बघा. वजन त्याहून दोन-अडीच किलोने जास्त भरलं, तर ती हवा आहे. व्हॉल्व्हच्या तोंडातून कमी दाबाची हवा आत जाते का, तेही बघता येतं. शंका राहिली तर पाना लावू नका, टाकी तशीच चाचणी केंद्राकडे न्या.

टाकी शिकंज्यात घट्ट धरा, अंगाला रबर लावून. तोंड कुणाच्याही दिशेला नको, आपलं डोकं त्याच्या रेषेत नको. पान्याने एकदा सैल केला की नीट बसलेला व्हॉल्व्ह हाताने फिरतो. फिरवताना सुरसुर ऐकू आली किंवा तो पुन्हा जड झाला तर थांबा, आत अजून दाब आहे.

चौथी पायरी: आत डोकावणं

व्हॉल्व्ह निघाला की दिव्याआधी नाक वापरा. चांगल्या टाकीतून काहीच वास येत नाही. खवट, तेलकट किंवा जळका वास आला तर कॉम्प्रेसरकडे बघायला हवं, एकट्या टाकीचा तो दोष नाही. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो. ते नाकावर सोडता येत नाही, त्याला मोजणी लागते.

मग टाकी उलटी करून पांढऱ्या कापडावर किंवा ताटात जे पडेल ते पडू द्या. काही वर्षांपूर्वी मी एका पोलादी टाकीतून पेलाभर तांबडं पाणी काढलं. टाकी माझ्याच हाताखाली होती. आमचा एक पोरगा होडीवरून आणताना प्रत्येक टाकी पूर्ण सोडून आणायचा. विचारलं तर म्हणाला, “काकानूं, रिकामी टाकी उचलूक हलकी पडता.” त्याचं खरं होतं, अडीच किलोचा फरक पडतोच. पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून रिकामी टाकी होडीत आडवी टाकली, वर लाट आली, आणि पाणी आत. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून आमच्याकडे टाकी २० बारच्या खाली सोडायची नाही, असा नियम आहे.

पोलादाच्या आत ओल राहिली तर दुहेरी नुकसान होतं. भिंत खाल्ली जाते, आणि गंज चढताना आतला प्राणवायू वापरला जातो. महिनोन्महिने भरून ठेवलेल्या, आत पाणी असलेल्या पोलादी टाकीतल्या हवेत प्राणवायू श्वासाला पुरणार नाही इतका कमी होऊ शकतो. काटा पूर्ण दाब दाखवतो, हवेला वास नसतो, आणि उतरणारा पाण्यात शुद्ध हरपतो. पावसाळ्यात भरून ठेवलेली जुनी टाकी ऑक्टोबरात थेट वापरायची नाही, हे त्यासाठीच. ती सोडा, उघडा, बघा आणि ताजी भरा.

बारीक दिवा तारेवरून आत सोडा आणि बुडापासून वर बघत या. नुसती तांबूस धूळ, पुसली की जाणारी, हा वरवरचा गंज. टाकीत खडी घालून फिरवून तो घालवता येतो. खड्डे पडले असतील तर खोली मोजायची. एकटा खड्डा आणि एका रेषेत जोडलेले खड्डे यांत फार अंतर आहे. आडव्या ठेवलेल्या टाकीत पाणी जिथे साचून राहतं तिथे लांबलचक रेषेत गंज धरतो आणि टाकी नेमकी त्या रेषेवर कमजोर होते. बुडाचा कोपरा, जिथे भिंत तळाला मिळते, तिथेही तसंच कडं पडतं. ॲल्युमिनियममध्ये पांढऱ्या पुडीचे ठिपके आणि त्याखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रं बघा.

साफ करायचं तर ॲल्युमिनियमला कॉस्टिक किंवा ड्रेन साफ करायचं द्रावण लावू नका. ते धातूच खातं. कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग गोड्या पाण्याने भरपूर खळबळणं आणि ताबडतोब कोरड्या, तेलमुक्त हवेने वाळवणं. पोलादी टाकी वाळायला तासभर उशीर झाला तरी तांबूस झाक येते.

पाचवी पायरी: गळा आणि आटे

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि बारीक दिवा घ्या. ॲल्युमिनियमच्या टाकीत गळ्याच्या आतल्या बाजूला, आटे संपतात तिथे, घडीसारख्या सुरकुत्या दिसतात. टाकीचं तोंड कारखान्यात आवळताना त्या पडतात. सुरकुती रुंद, गोलसर तळाची, आट्यांच्या आधी थांबणारी असते. चीर केसासारखी, तीक्ष्ण आणि आटे ओलांडून वर चढणारी. एका आट्यावरची रेघ आटे पाडणाऱ्या हत्याराचीही असू शकते. तीच रेघ सलग दुसऱ्या आट्यात गेली तर टाकी बाद धरा. शंका असेल तर एडी करंट तपासणी करून घ्या आणि तोवर टाकी भरू नका.

आट्यांच्या कडा झिजून धार आली आहे का, आटे सोलले आहेत का, मीठ भरून खाल्ले गेलेत का, ते बघा. पितळी व्हॉल्व्ह आणि ॲल्युमिनियमचा गळा यांच्यात खारं पाणी शिरलं की दोन धातूंची विजेच्या सेलसारखी जोडी जमते आणि ॲल्युमिनियम झिजतं. गळ्याच्या तोंडाचा ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, बसायचा भाग आरशासारखा गुळगुळीत हवा.

मग आट्यांचं माप. बाजारात एम २५ आणि पाऊण इंची, असे दोन्ही गळे आहेत. एम २५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची गळ्यात सहज शिरतो, थोडा सैल बसतो, ओ-रिंग दाबली जाते आणि काही वेळ दाब धरतोही. मग वर सांगितलेला एक टनाचा रेटा त्याला गोळीसारखा बाहेर फेकतो. जगभर अशा गल्लतीने माणसं मेली आहेत. वेगवेगळ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह एकाच टोपलीत टाकू नका. काढलेला व्हॉल्व्ह दोऱ्याने त्याच टाकीला बांधून ठेवा, आणि बसवण्याआधी व्हॉल्व्हवरचं माप आणि खांद्यावरचं माप मोठ्याने वाचून ताडा. हाताने फिरवताना तो पहिल्यापासून गुळगुळीत, न डुलता गेला पाहिजे.

व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह खोलून आतली गादी (सीट) आणि ओ-रिंग बदला, आतली नळी मोकळी आहे का बघा. अमेरिकी व्हॉल्व्हला दाब वाढला की फुटणारी पातळ चकती असते. ती टाकीच्या दाबानुसार वेगवेगळी येते. निदान दर हायड्रो टेस्टला ती नवी घाला, जुनी चकती थकून भर होडीत फुटते आणि अख्खी टाकी शिट्टी घालत रिकामी होते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. नायट्रॉक्ससाठी, म्हणजे जास्त प्राणवायूच्या हवेसाठी, प्राणवायू मिसळणार असाल तर साधं ग्रीस अजिबात नको, त्यासाठी प्राणवायूला चालणारं वंगण आणि वेगळी साफसफाई लागते. दाबाखालचा प्राणवायू आणि तेल एकत्र आले की पेट घेतात.

सहावी पायरी: हायड्रो टेस्ट

ही तुमच्यासमोर होत नसली तरी कशी होते ते माहीत असू द्या, म्हणजे दाखला वाचता येतो. टाकीत काठोकाठ पाणी भरतात आणि तिला पाण्याने भरलेल्या मोठ्या बंद भांड्यात उतरवतात. हवेऐवजी पाणी वापरण्याचं कारण असं, की पाणी जवळजवळ दबत नाही. टाकी फुटलीच तर दाब क्षणात नाहीसा होतो, स्फोट होत नाही. मग आतला दाब चाचणीच्या आकड्यापर्यंत चढवतात आणि निदान अर्धा मिनिट धरतात. टाकी किंचित फुगते, तेवढं बाहेरच्या भांड्यातलं पाणी काचेच्या नळीत वर चढतं. हा आकडा म्हणजे एकूण प्रसरण. दाब सोडला की टाकी आक्रसते, पण पूर्ण पहिल्यासारखी होत नाही. जे उरतं ते कायमचं प्रसरण.

समजा एकूण ६० मिलिलिटर चढलं आणि दाब सोडल्यावर ३ उरलं, तर प्रमाण ५ टक्के. टाकी पास. ६० पैकी ७ उरलं तर ११ टक्क्यांच्या वर. कायमचं प्रसरण एकूणच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झालं तर धातूची लवचीक ताकद गेली, असं मानतात. दाखल्यावर हे दोन्ही आकडे मागा. नुसतं ‘पास’ लिहिलेला कागद घेऊ नका. मागच्या वेळचं प्रमाण ३ आणि या वेळचं ८ असेल, तर टाकी पास आहे, पण ती कुठे चालली आहे हे तुम्हाला कळलं.

चांगलं केंद्र दिवसाची सुरुवात माहीत असलेल्या प्रसरणाची प्रमाण टाकी चढवून करतं, म्हणजे यंत्र बरोबर वाचतंय याची खात्री होते. चाचणीआधी टाकी आत-बाहेर बघतं, वजन घेतं. आणि पहिल्यांदा आकडा वाईट आला म्हणून तीच टाकी पुन्हा पुन्हा ताणत नाही. एकदा ताणलेली टाकी दुसऱ्यांदा कमी कायमचं प्रसरण दाखवते, दोष झाकला जातो.

आपल्याकडे हे सगळं स्फोटक कायदा १८८४ खालच्या गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये येतं आणि त्यावर पेसोची, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची नजर असते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. टाकी मान्यताप्राप्त नमुन्याची हवी आणि चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच व्हायला हवी. परदेशातून सामानात आणलेली टाकी तिथल्या ठशावर इथे आपोआप चालत नाही, हे अमेरिकेतून किंवा आखातातून येणाऱ्या आपल्या हौशी मंडळींनी आधीच लक्षात घ्यावं. देशोदेशी मुदती वेगळ्या आहेत. अमेरिकेत हायड्रो ५ वर्षांनी, आणि दरवर्षी आतून पाहणी करण्याचा रिवाज डायव्हिंगच्या धंद्याने स्वतःहून पाळलेला. ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी आतली पाहणी आणि ५ वर्षांनी हायड्रो. ऑस्ट्रेलियात डायव्हिंगच्या टाकीची चाचणी दरवर्षी. आपल्या दमट, खाऱ्या किनाऱ्यावर वर्षाला एक आतली पाहणी मला कमीत कमी वाटते. भाड्याने फिरणाऱ्या टाक्यांना मी दोनदा बघतो.

भरताना रोज काय बघायचं

कॉम्प्रेसरवरच्या माणसाने प्रत्येक टाकीचा ठसा, बाहेरचं अंग आणि उरलेला दाब बघायचा. शून्य दाबाने परत आलेली टाकी भरायची नाही, ती उघडायला पाठवायची. नळी जोडण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडातलं पाणी थोडी हवा सोडून उडवायचं, नाहीतर तेच थेंब २०० बारने आत ढकलले जातात. भरण्याचा वेग मिनिटाला २० ते ३० बारच्या वर नको. गरम टाकी भरलेली दिसते, थंड झाली की काटा खाली येतो, म्हणून जास्त दाब भरून ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. आणि भरलेली टाकी उन्हात ठेवू नका, तापमान एका अंशाने वाढलं की दाब ०.६ ते ०.७ बारने चढतो.

कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो ते दर दिवशी वारा बघून ठरवायचं. जेटीवर डिझेलची होडी सुरू आहे आणि धूर आपल्या बाजूला येतोय, तर पंप बंद. १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, कार्बन मोनॉक्साइड वर श्वासात फार वाटत नाही, पण ३० मीटरवर दाब चौपट असतो आणि शरीराला ते ४० पीपीएमसारखं लागतं. फिल्टरची नळकांडी तासांच्या हिशेबाने बदला. ओल धरलेला फिल्टर कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही.

बाद झालेली टाकी

तपासणीत नापास झालेली किंवा मूळ वजनातून ५ टक्क्यांहून जास्त घटलेली टाकी नियमानुसार नष्टच करावी लागते: चेपून सपाट करून, किंवा तुकडे पुन्हा जोडता येणार नाहीत अशी कापून. नुसता ‘खराब’ असा रंग मारून परसात ठेवलेली टाकी दोन वर्षांनी कुणीतरी घासून विकतो. भंगारवाल्याला अख्खी टाकी देऊ नका. वहीत तिच्या अनुक्रमांकासमोर बाद झाल्याचं कारण आणि तारीख लिहा, आणि आत दाब नाही याची आधी खात्री करा, व्हॉल्व्ह काढा, मग करवत लावा.

माझ्याकडे एक बाद ॲल्युमिनियमची टाकी उभी चिरून, कडा घासून ठेवली आहे. तिच्या गळ्यात तीन आटे ओलांडून गेलेली चीर आहे. बाहेरून ती टाकी उत्तम होती, ठशाची मुदतही संपलेली नव्हती. कामाला नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला दिवा आणि आरसा देतो आणि ती चीर शोधायला सांगतो. सापडेपर्यंत दुसरी टाकी हातात मिळत नाही.